विनाइल फ्लोअरिंगच्या पट्ट्यांमध्ये फट पडली? सगळं उखडण्याआधी हे वाचा

घराला नवं रूप द्यायचं म्हणून जुन्या लाद्यांवर लाकडासारखं दिसणारं विनाइल फ्लोअरिंग बसवलं. दोन दिवसांत काम झालं, तोडफोड नाही, धूळ नाही. फोटो टाकले, लाइक्स आले. आणि वर्षभरात दोन पट्ट्यांच्या मध्ये एक बारीक काळी रेघ दिसू लागली. सुरुवातीला वाटलं कचरा असेल. मग झाडू अडकायला लागला, पायाला कड टोचायला लागली.

अशा वेळी बहुतेकांना दोनच सल्ले मिळतात. बसवून देणारा म्हणतो, "एवढं तेवढं होतंच, चालतंय." दुसरा कारागीर येऊन सांगतो, "सगळं काढून नवीन टाकायला लागेल." बरेचदा खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये असतं. फ्लोटिंग विनाइलमधल्या पुष्कळशा फटी घरच्या घरी, साध्या साधनांनी बुजवता येतात. मात्र फट का पडली हे न कळता ती बुजवली, तर ती परत येते. म्हणून आधी कारण, मग उपाय.

'फ्लोटिंग' म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडची फरशी सिमेंटमध्ये पक्की बसवलेली असते. फ्लोटिंग फ्लोअरिंगचं तसं नसतं. त्याच्या पट्ट्या खालच्या जमिनीला चिकटवलेल्या नसतात. प्रत्येक पट्टीच्या एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खोबण असते. एकीची जीभ दुसरीच्या खोबणीत 'टक' करून बसते. अशा शेकडो पट्ट्या एकमेकींना धरून राहतात आणि त्यांची एक मोठी सलग चटई तयार होते. ही चटई जमिनीवर नुसती पसरलेली असते.

गोंदाशिवाय अडकणारी ही 'क्लिक' पद्धत १९९०च्या दशकात स्वीडनमधल्या व्हॅलिंगे आणि बेल्जियममधल्या युनिलिन या कंपन्यांनी आधी लॅमिनेट फ्लोअरिंगसाठी रुळवली. पुढे ती विनाइलमध्येही आली. सध्या बाजारात 'एसपीसी' नावाने मिळणारी पट्टी याच प्रकारातली. तिच्या गाभ्यात चुनखडीची पूड आणि पीव्हीसी असतं, वर लाकडाच्या चित्राचा थर आणि त्यावर झिजेपासून वाचवणारा पारदर्शक थर.

जमिनीला न चिकटणं हा या फ्लोअरिंगचा दोष नाही. ते मुद्दामच मोकळं ठेवलेलं असतं, कारण त्याला हलायला जागा लागते.

आधी खात्री करा: तुमच्याकडे आहे काय?

दुकानात 'वुडन फ्लोअरिंग' या एका नावाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो. एखादी उरलेली पट्टी माळ्यावर असेल तर ती काढून कड बघा.

• कडेला जीभ-खोबण आहे, जाडी साधारण ४ ते ६ मिलीमीटर, गाभा राखाडी आणि दगडासारखा कडक: हे क्लिक विनाइल म्हणजे एसपीसी. हा लेख याच्यासाठी.
• जीभ-खोबण आहे, पण गाभा तपकिरी, दाबलेल्या भुशासारखा: हे लॅमिनेट. पाणी लागलं की ते फुगतं. खालचे काही उपाय याला चालतील, पण फुगलेली पट्टी पुन्हा सपाट होत नाही.
• पट्टी २ ते ३ मिलीमीटरची, लवचिक, कडा सरळ: ही बहुधा गोंदाने चिकटवलेली असते. हिची फट सरकवून जात नाही. पट्टी उचलून पुन्हा चिकटवावी लागते.

सुटी पट्टी नसेल तर दरवाजापाशी किंवा स्कर्टिंगच्या एखाद्या उघड्या टोकापाशी कड दिसते का ते पाहा.

मग फट पडते कशामुळे?

तापमान. विनाइल उन्हाने प्रसरण पावतं, थंडीने आकसतं. एक साधा हिशेब करू. कडक पीव्हीसी एका अंश सेल्सिअसला दर मीटरमागे साधारण ०.०५ ते ०.०८ मिलीमीटर वाढतं. आपण ०.०५ धरू. खोली ४ मीटर लांब आहे आणि एसी लावलेली रात्र ते खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन यांत जमिनीच्या तापमानात २० अंशांचा फरक पडला, तर ४ × २० × ०.०५ म्हणजे ४ मिलीमीटर. पट्टीत चुनखडी जास्त असेल तर आकडा यापेक्षा कमी येतो, पण शून्य कधीच होत नाही. विदर्भात मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरमधली पहाट यांत किती फरक असतो, हे वेगळं सांगायला नको.

चटई कुठेतरी अडकणं. नुसत्या आकसण्याने फट पडत नाही. मोकळी चटई सगळीकडून सारखी आकसते आणि कमी झालेली जागा भिंतीकडेला, स्कर्टिंगखाली लपते. पण एका टोकाला ती दाबली गेली असेल तर? मग आकसताना ओढाताण होते आणि जो जोड सगळ्यात कच्चा, तो उघडतो. आपल्या घरांत चटई अडकवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: पुस्तकांनी किंवा कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट, स्टोरेजवाला बेड, फ्लोअरिंगच्या वर बसवलेलं मॉड्युलर किचन किंवा वॉर्डरोब, आणि सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे दाराचा चुंबकवाला स्टॉपर. तो बसवताना स्क्रू पट्टीतून आरपार खालच्या लादीत जातो. एका स्क्रूने अख्खी चटई खिळली जाते.

भिंतीकडेची जागा न सोडणं. चारही बाजूंनी साधारण ६ ते १० मिलीमीटर मोकळी जागा सोडायची असते. नेमका आकडा कंपनीच्या पत्रकात असतो. घाईत काम करणारे पट्टी भिंतीला भिडवतात किंवा ती जागा पांढऱ्या सिमेंटने भरून टाकतात. उन्हाळ्यात चटईला वाढायला जागाच उरत नाही, मग जोड वर उचलले जातात किंवा त्यांच्या जिभा तुटतात. थंडी आली की त्याच जागी फट दिसते.

खालची जमीन सपाट नसणं. बहुतेक कंपन्या ३ मीटरमध्ये साधारण ५ मिलीमीटरपेक्षा जास्त उंचसखलपणा चालवून घेत नाहीत. जुन्या इमारतीतली मोझॅकची किंवा शहाबादी फरशी, बाल्कनीकडे दिलेला उतार, एखादी खचलेली लादी, यांच्यावर पट्टी बसली की तिच्याखाली पोकळी राहते. आपण तिथून रोज चालतो, पट्टी खाली-वर होते आणि जीभ हळूहळू झिजते.

बसवतानाची घाई. जीभ पूर्ण आत गेली नाही, खोबणीत खडा राहिला, शेजारच्या ओळींचे जोड जवळजवळ आले. अशी फट पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागते.

पाच मिनिटांची तपासणी

साधनं हातात घेण्याआधी फटीला चार प्रश्न विचारा.

१. ती पट्टीच्या अरुंद टोकाला आहे की लांब बाजूला? टोकाची फट सोपी. लांब बाजूची म्हणजे अख्खी ओळ सरकली आहे.

२. फटीच्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून पाय दाबा. एक कड खाली जाते आणि दुसरी तशीच राहते का? मग जीभ तुटली असावी किंवा खाली पोकळी असावी.

३. फट कशाच्या रेषेत आहे? कपाटासमोर, दाराच्या चौकटीत की खिडकीतल्या उन्हात? कारण तिथेच सापडतं.

४. दाबल्यावर पाणी वर येतं का, कुबट वास येतो का, कडा काळ्या पडल्यात का? असं असेल तर इथेच थांबा. आधी गळती शोधा. बाथरूमच्या भिंतीची ओल, एसीचा तुंबलेला पाइप, तळमजल्यावर पावसाळ्यात जमिनीतून वर येणारा ओलावा. एसपीसी स्वतः पाण्याने फुगत नाही, पण फटीतून खाली गेलेलं पाणी सहजी वाळत नाही. वरून फट बुजवली तर ओल आत कोंडली जाते आणि बुरशी धरते.

जी गोष्ट चटईला अडकवते आहे, ती आधी मोकळी करा. कपाट रिकामं करून सरकवा, स्टॉपर काढून भिंतीवर किंवा दारावर बसवा. हे न करता फट मिटवणं म्हणजे नळ चालू ठेवून जमीन पुसणं.

उपाय १: टोकाची फट, वरूनच सरकवा

लागणारं सामान: भक्कम डबल साइड टेप, वीतभर लांब सपाट लाकडी ठोकळा आणि रबरी हातोडा. ठोकळ्याऐवजी काच उचलायचा सक्शन कपही चालतो, मात्र पट्टीवर खोल रेषा असतील तर तो नीट धरत नाही.

• फट साफ करा. टूथपिकने माती काढा, मग व्हॅक्यूम फिरवा. खोबणीत एक खडा राहिला तरी जोड मिटत नाही. ही पायरी गाळली की पुढची मेहनत फुकट.
• पट्टीचा पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडा करा. तेलकट जमिनीवर टेप टिकत नाही.
• फटीपासून कोणती भिंत जवळ आहे ते बघा. त्या बाजूची पट्टी सरकवायची.
• ठोकळ्याच्या तळाला टेप लावून तो त्या पट्टीवर दाबून बसवा. वर मिनिटभर उभं राहा.
• ठोकळ्याच्या बाजूवर, फटीच्या दिशेने, आडवे हलके ठोके द्या. एक जोरदार फटका नको, दहा हलके हवेत. पट्टी मिलीमीटर मिलीमीटरने सरकेल.
• फट मिटली की त्याच पट्टीच्या मागे नवी फट उघडेल. घाबरू नका, तेच अपेक्षित आहे. आता मागची पट्टी सरकवा. मग तिच्या मागची. असं करत फट भिंतीपर्यंत न्यायची आणि स्कर्टिंगखाली सोडून द्यायची.

म्हणजे आपण फट नाहीशी करत नाही, तिला तिच्या जागी पाठवतो. ती जागा मुळात भिंतीकडेलाच होती.

टेप काढताना ठोकळा उपटू नका. हेअर ड्रायरने थोडी ऊब देऊन हळूहळू सोडवा. उरलेला चिकटपणा फडक्यावर थोडं सॅनिटायझर घेऊन निघतो, आधी कोपऱ्यात करून बघा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यातलं अ‍ॅसिटोन विनाइल खराब करतं.

उपाय २: लांब बाजूची फट, भिंतीकडून ओढा

इथे एक पट्टी नाही, पूर्ण ओळ सरकवायची असते. त्यासाठी 'पुल बार' लागतो. हा दोन्ही टोकांना विरुद्ध दिशेने वळवलेला लोखंडी पट्टा असतो. फ्लोअरिंगच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो.

फटीला समांतर असलेल्या जवळच्या भिंतीचं स्कर्टिंग काढा. आधी त्याच्या वरच्या कडेने कटर फिरवा, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतील. पुल बारचं एक टोक शेवटच्या पट्टीच्या भिंतीकडच्या कडेला अडकवा. दुसरं टोक खोलीच्या आत राहील, त्यावर हातोड्याने खोलीच्या दिशेने ठोका. एकाच जागी न ठोकता हात-दीड हाताच्या अंतराने पुढे जा, पुन्हा मागे या. पूर्ण ओळ सारखी सरकली पाहिजे, नाहीतर तिरकी बसेल आणि दुसऱ्या टोकाला नवी फट पडेल.

झाल्यावर सगळ्या भिंतींकडे मोकळी जागा उरली आहे ना, ते पाहा. स्कर्टिंग परत लावताना त्याचे खिळे किंवा गोंद भिंतीला लागले पाहिजेत, पट्टीला नाही.

उपाय ३: उलगडा, दुरुस्त करा, पुन्हा बसवा

सरकवूनही फट आठवड्याभरात परत आली, किंवा तपासणीत पट्टी खाली-वर हलत होती, तर वरवरचं काम पुरणार नाही. फट भिंतीपासून चार-पाच ओळींच्या आत असेल तर तिथपर्यंतच्या पट्ट्या काढणं शहाणपणाचं. बहुतेक क्लिक पट्ट्या अर्धवट उचलून तिरक्या केल्या की सुटतात. प्रत्येक पट्टीवर कागदी टेप लावून क्रमांक लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. हे न करता काढलेली ओळ परत जुळवणं म्हणजे कोडं सोडवणं.

आता जमीन उघडी आहे, तिची परीक्षा घ्या. लांब सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठेवून खाली उजेड कुठे दिसतो ते बघा. खळगा असेल तर तो सिमेंटच्या पॅचिंग मिश्रणाने भरा आणि पूर्ण वाळू द्या. खळग्यात पुठ्ठा, थर्माकोल किंवा फोमचे दोन-तीन थर कोंबू नका. मऊ आधारावर क्लिकचे जोड जास्त लवकर तुटतात.

जीभ तुटलेल्या पट्ट्या बदला, बाकीच्या साफ करून परत बसवा. शेजारच्या ओळींचे जोड निदान वीतभर अंतरावर ठेवा.

पट्टी खोलीच्या मधोमध तुटली असेल तर?

इथे भिंतीपासून उलगडत यायचं म्हणजे निम्मी खोली उघडायची. त्याऐवजी तेवढीच पट्टी कापून काढता येते. कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत रेषा आखायच्या, मधला तुकडा कापून काढायचा, मग चारही कोपऱ्यांकडे तिरके छेद देऊन कडेचे तुकडे सावकाश सोडवायचे. शेजारच्या पट्ट्यांच्या जिभांना धक्का लागता कामा नये. नव्या पट्टीच्या खोबणीचा खालचा ओठ कापून टाकायचा, कडांना कंपनीने सुचवलेला गोंद लावायचा, पट्टी वरून बसवायची आणि २४ तास वर वजन ठेवायचं. गोंद खालच्या जमिनीला लागू द्यायचा नाही, नाहीतर चटई पुन्हा खिळली.

हे काम नाजूक आहे. हात सरावलेला नसेल तर अनुभवी कारागिराला बोलवा, पण काय करायचं हे तुम्हाला माहीत असू द्या. पट्टी ग्राइंडरने कापली जाणार असेल तर मास्क लावा आणि काम बाल्कनीत करा, ती धूळ फुप्फुसांसाठी चांगली नाही.

रीलमधले जुगाड: कोणते चालतात, कोणते नाहीत?

रबरी तळाचा बूट घालून पट्टीला लाथ मारून फट मिटवण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. एक-दीड मिलीमीटरच्या टोकाच्या फटीवर, पट्टी मोकळी असेल तर हे खरंच चालतं. तत्त्व उपाय १ चंच आहे.

फेव्हिक्विक आणि खाण्याचा सोडा भरणं: टाळा. मिश्रण काचेसारखं कडक होतं. पट्टी आकसली की ते तडकतं किंवा शेजारच्या कडेचा टवका काढतं.

एमसील, पांढरं सिमेंट, टाइल ग्राउट: टाळा. हलणाऱ्या जोडात कडक भराव टिकत नाही. भिंतीकडच्या मोकळ्या जागेत तर तो भरूच नका.

रंग जुळणारा फिलर: हा शेवटचा पर्याय आहे, पण वाईट नाही. फट एक-दीड मिलीमीटरच्या आत, जीभ शाबूत, पट्टी हलत नाही आणि फट महिनोन्‌महिने तेवढीच आहे, तर विनाइलसाठीचा लवचिक फिलर लावायला हरकत नाही. दोन्ही कडांना कागदी टेप लावा, फिलर भरा, लगेच टेप काढा.

परत होऊ नये म्हणून

• दुपारचं थेट ऊन येणाऱ्या खिडकीला जाड पडदा लावा.
• बादलीभर पाण्याने जमीन पुसू नका, घट्ट पिळलेला मॉप पुरे. घरी मदतीला येणाऱ्या ताईंनाही हे आवर्जून सांगा.
• जड कपाटं शक्यतो समोरासमोरच्या दोन भिंतींना ठेवू नका, चटई दोन्हीकडून दाबली जाते. वॉर्डरोब आणि किचन आधी, फ्लोअरिंग नंतर.
• दोन खोल्यांच्या मध्ये दाराच्या चौकटीत जोडपट्टी लावून घ्या, म्हणजे प्रत्येक खोलीची चटई वेगळी हलते. किती लांबीपर्यंत सलग चालतं, हे कंपनीच्या पत्रकात असतं.
• नवं बसवत असाल तर पट्ट्यांचे खोके ४८ तास त्याच खोलीत आडवे ठेवा आणि एक खोका जास्तीचा घ्या. दोन वर्षांनी तोच रंग मिळेल याचा भरवसा नाही.

अमेरिका, कॅनडा किंवा युरोपात राहणाऱ्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. तिथे हिवाळ्यात रिकामं घर गरम न ठेवता सुट्टीवर गेलात तर परतल्यावर फटी दिसू शकतात. घर नेहमीच्या तापमानाला आणून दोन-तीन दिवस थांबा, काही आपोआप मिटतात. आणि घर १९८०च्या आधीचं असेल, पट्ट्यांखाली जुन्या चिकटवलेल्या विनाइल टाइल्स असतील, तर त्या खरवडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. आधी तपासणी करून घ्या.

बिल जपून ठेवा

फ्लोअरिंगच्या वॉरंटीत माल आणि बसवण्याचं काम या बहुतेकदा दोन वेगळ्या गोष्टी असतात. कंपनी म्हणते बसवताना चुकलं, बसवणारा म्हणतो मालच खराब. म्हणून फटीचे तारखेसह फोटो काढा. स्कर्टिंग काढल्यावर भिंतीकडे जागा सोडली होती की नाही, त्याचाही फोटो घ्या, कारण वाद याच मुद्द्यावर मिटतो. वॉरंटी चालू असेल तर स्वतः हात घालण्याआधी लेखी तक्रार द्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

भाड्याच्या घरात असाल तर काहीही करण्याआधी मालकाला फोटो पाठवून कळवा. डिपॉझिट परत घेताना 'फ्लोअरिंग तुम्ही खराब केलं' हे ऐकून घेण्यापेक्षा आजचा एक मेसेज स्वस्त पडतो.

आणि कारागीर "सगळं काढायला लागेल" म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा: चटई कुठे अडकली आहे? ज्याच्याकडे याचं उत्तर आहे, त्याच्याकडून काम करून घ्या. ज्याच्याकडे नाही, त्याने नवीन बसवलेल्या फ्लोअरिंगमध्येही तीच फट पडेल.